तिसऱ्यांदाचं नको

स्टेनरुडांच्या घराला मागच्या बाजूला काचेचं सरकतं दार होतं आणि त्या दाराबाहेर काहीही नव्हतं. दार उघडून पाय टाकला की माणूस थेट खाली, लिलीच्या वाफ्यात. घर बांधणाऱ्याने दार बसवून दिलं आणि "डेक तुम्ही सवडीने करून घ्या" म्हणून तो निघून गेला. त्या तळ्याकाठच्या निम्म्या घरांची हीच गत होती, पण बाकीच्यांनी एक-दोन उन्हाळ्यांत दाराबाहेर आपापले डेक, म्हणजे लाकडी ओटे, उभे केले. आर्लन स्टेनरुडने काय उभं केलं? दाराला आतून एक आडवी फळी ठोकली, कुणी चुकून पडू नये म्हणून. म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात बघू."

पुढचा उन्हाळा दरवर्षी यायचा आणि मासे धरण्यात जायचा. मुली मोठ्या झाल्या, लग्न करून दूरच्या गावी गेल्या, फळी जिथल्या तिथे. त्याची बायको लव्हॉन टोमणे मारमारून थकली. "लोकांच्या दारातून माणसं बाहेर जातात, आमच्या दारातून नुसती नजर बाहेर जाते," असं ती आल्या-गेल्याला सांगायची. आर्लन हसायचा आणि गळ, वल्ही उचलून होडीकडे चालू लागायचा. मिनेसोटातला उन्हाळा तो केवढा, त्यात माणसाने मासे धरायचे की फळ्या ठोकायच्या, हे त्याचं म्हणणं.

मग एका हिवाळ्यात, रस्त्यावरचा बर्फ ढकलायच्या ट्रकमधून उतरता उतरता त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, चाकाची खुर्ची नशिबी आली आणि वाचा गेली. अगदी सगळी नाही. एक शब्द उरला.

"नको."

भूक लागली? नको. झोपतोस? नको. ही मी कोण? नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, कधी कधी एखादाच शब्द मागे राहतो. लव्हॉनच्या मनात आलं, मेलं उरायचंच होतं तर जरा बरा शब्द नसता का उरला! शेजारच्या रॉलीच्या चुलत्याला म्हणे एक शिवी उरली होती. निदान ती ऐकून लोक हसायचे तरी.

पण बाई हुशार. महिन्याभरात तिने त्या एका शब्दातून अख्खा नवरा परत मिळवला. तुटक "नको" म्हणजे खरंच नको. लांबवलेलं "नकोऽऽ", शेवटी जरा वर गेलेलं, म्हणजे हो. लागोपाठ तीन-चार नको आणि डाव्या हाताची चाकावर थाप, म्हणजे तुला अक्कल आहे का. कान देऊन ऐकलं तर सगळं होतं त्यात. कान देणार कोण, हा प्रश्न.

कारण त्या भागात "नको" या शब्दाला तशीही काही किंमत नाही. कुणाकडे गेलात आणि कॉफी विचारली, तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "नको, कशाला उगाच त्रास". तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धाच कप दे", आणि मग भरलेला कप घ्यायचा, वर दोन कुकीज. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट आणि तिसऱ्यांदा न विचारणारा चिक्कू. लव्हॉन स्वतः याच पाण्यावर वाढलेली. आर्लनने लग्नाचं विचारलं तेव्हा तिने दोनदा नको म्हटलं होतं, आणि तो तिसऱ्यांदा विचारेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता.

आजारपणात आर्लनची खुर्ची त्या काचेच्या दारापाशी असायची. समोर उतरता परसू, मोठं मेपलचं झाड, त्याखाली पालथी घातलेली त्याची होडी आणि होडीच्या पुढे तळं. घराच्या दोन्ही अंगांनी जमीन इतकी तिरकी की चाकाची खुर्ची टिकायचीच नाही. गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून दवाखान्यात, एवढाच त्याचा प्रवास. ज्या तळ्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं ते दिवसभर डोळ्यांसमोर, आणि बोट बुडवायला मिळत नव्हतं. बर्फ वितळून पहिल्या होड्या पाण्यात उतरल्या त्या दिवशी त्याने काचेवर कपाळ टेकलं आणि बराच वेळ तसाच राहिला. लव्हॉन मागे उभी होती.

"झालं," ती म्हणाली. "तू पुढचा उन्हाळा, पुढचा उन्हाळा करत बसलास. हा बघ आला. मी करते डेक. आणि डेकवरून उतार काढते, मेपलला वळसा घालून थेट पाण्यापर्यंत. तुझी खुर्ची जाईल असा. चालेल?"

"नकोऽऽ," आर्लन म्हणाला. शेवट इतका वर गेला की तिला हसू फुटलं.

शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली बाई. पातेली उचलायची ताकद होती, करवतीची ओळख नव्हती. तिने नकाशा काढला, नगरपालिकेची परवानगी आणली, आणि खड्डे खणले. तिकडे जमीन फार खोलवर गोठते. खांब त्या गोठणीच्याही खाली रोवला नाही तर हिवाळा तो उपटून वर ढकलतो. खणता खणता तिच्या तळहातांची सालटं निघाली. खांब उभे राहिले, त्यांवर तुळया चढल्या. प्रत्येक तुळई ती आधी काचेपाशी नेऊन आर्लनसमोर आडवी धरायची. तो एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर फिरवायचा. लाकूड कुठे ना कुठे वाकलेलं असतंच, त्याचा उंचवटा वर ठेवायचा म्हणजे वजनाने ते सरळ होतं. "ही बाजू वर?" "नको." "मग ही?" "नकोऽऽ." कधी त्याचं चुकायचंही, मग सगळं सोडून परत. तिला घाई नव्हती. ज्या माणसाने झटक्यापासून नुसतं काचेबाहेर बघत दिवस काढले होते, तो आता सकाळी तिच्या आधी जागा होऊन दाराशी यायचं म्हणून पलंगावर थापा देत होता.

उताराला मात्र दोघांचं डोकं लागलं. खुर्ची सुरक्षित उतरायची तर उतार अगदी सौम्य हवा, आणि सौम्य म्हणजे लांबलचक. लव्हॉनने खुंट्या ठोकून पिवळी दोरी ताणली. आतून नको. पुन्हा ठोकल्या. नको. मेपलच्या मुळ्या टाळून, होडीच्या अलीकडे वळून, दोरी शेवटी पाण्याकाठच्या सपाट तुकड्यावर पोचली तेव्हा आर्लनने जे "नकोऽऽ" काढलं ते पलीकडे रॉलीच्या अंगणात ऐकू गेलं.

तेवढ्यात डुलुथला तिच्या बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं. चार दिवस जाणं भाग होतं. आर्लनचा धाकटा भाऊ ड्वेन म्हणाला, "तू जा बिनघोर. मी येऊन राहतो आर्लनजवळ."

"नको रे, तुला तुझी कामं असतील," लव्हॉन म्हणाली.

"छे गं, कामं कसली."

"नको, उगाच तुला त्रास."

"अगं जा म्हणतोय ना!"

"बरं बाई," ती म्हणाली आणि गेली.

परत आली तेव्हा घरासमोर ओळीने पिकअप ट्रक उभे होते.  आर्लनला काही झालं की काय! ती धावत घरात शिरली, स्वयंपाकघर ओलांडलं, आणि समोर पाहते तो काचेचं दार सताड उघडं. फळी गायब. दाराबाहेर डेक.

टाळ्या वाजल्या. गावच्या अग्निशमन दलाची अर्धी पलटण, चर्चची मंडळी, रॉली, सगळे बिअरचे डबे घेऊन उभे. शेगडीवर ब्राटवुर्स्टचे जाडजूड सॉसेज चरचरत होते. मधोमध ड्वेन, कमरेला हातोडा, तोंडावर कोजागिरीचा चंद्र.

"कसं वाटतंय? बोल! दोन दिवसांत! तू एकटी करत बसली असतीस तर बर्फ पडला असता."

डेक देखणा होता, खोटं कशाला बोला. फळ्या एका रेषेत, कठडा मजबूत, कोपऱ्यात बाकडं, बाकड्याच्या हातावर बिअरचा डबा ठेवायला गोल भोक. आणि समोर खाली उतरायला रुंद, ऐसपैस पायऱ्या.

पायऱ्या.

पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी आर्लनची खुर्ची होती, ब्रेक लावलेली. डोक्यावर कुणीतरी नवी टोपी घातली होती, चांगल्या हातात डबा कोंबला होता. तो तळ्याकडे बघतही नव्हता. मान खाली, नजर पहिल्या पायरीवर.

"माझ्या दोऱ्या कुठायत?" लव्हॉनने विचारलं.

"कसल्या? ते पिवळं जाळं होय!" रॉली हसला. "अगं, आम्हाला वाटलं सशांसाठी काही केलंस. गवत कापायला आड येत होतं, काढून टाकलं."

"तो उतार होता."

"उतार?"

"आर्लनच्या खुर्चीचा उतार. पाण्यापर्यंत."

 मग ड्वेन म्हणाला, "हात्तिच्या, एवढंच ना! आम्ही चौघं आहोत की. त्याला खाली जायचं असलं की फोन कर, उचलून नेऊ."

"पोत्यासारखा?"

"लव्हॉन, तसं नाही गं..."

"त्याला विचारलंत?" तिचा आवाज चढला नव्हता अजून, पण ती ज्या माणसांत वाढली तिथे आवाज खाली गेला की समजून असायचं. "पायऱ्या ठोकताना त्याला विचारलंत का कुणी?"

"विचारलं ना!" ड्वेन दुखावल्यासारखा झाला. "म्हणजे काय! मी स्वतः विचारलं, तीनदा. 'आर्लन, इथे पायऱ्या काढतोय बरं का, छान रुंद.' तो म्हणाला नको."

"मग?"

"मग काय? तो सगळ्यालाच नको म्हणतो! पुन्हा विचारलं, नको. तिसऱ्यांदा तर जरा जास्तच नको नको करत होता, चाकावर हात आपटत होता. आम्हाला वाटलं, स्वारी रंगात आलीय."

लव्हॉनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत तिने चारचौघांत आवाज चढवला नव्हता. तिकडे कुणी चढवतच नाही. एखादी गोष्ट अगदीच वाईट असली तर "वेगळीच आहे हं" म्हणतात आणि विषय बदलतात. त्या दिवशी तिने विषय बदलला नाही.

"रंगात? अरे, त्या माणसाकडे एक शब्द उरलाय! एक! जगातले सगळे शब्द गेले त्याचे, माझं नाव गेलं, पोरींची नावं गेली. एकच उरला, आणि तो त्याने तुम्हाला तीनदा दिला. तीनदा! आणि तुम्ही हसलात!"

"आम्ही मदतच करत होतो," रॉली पुटपुटला. "सुट्टीचे दोन दिवस घातले आम्ही."

"कुणी मागितले होते? तुमची मदत म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर! चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला पायऱ्या बांधून देता, वर टाळ्या वाजवता! डोळे फुटले होते का सगळ्यांचे? इतके जण होतात, एकाच्याही डोक्यात आलं नाही? आंधळ्याला आरसा दिला असतात तर निदान भिंतीवर टांगता तरी आला असता!"

शेगडीवर एक ब्राटवुर्स्ट फुटून तेल उडालं. तो कुणी पलटला नाही. चर्चच्या मंडळींनी आपापल्या बुटांकडे पाहिलं, हळूच डबे खाली ठेवले आणि "उशीर झाला, निघायला हवं" असं करत एकेक जण सटकला. ड्वेन तेवढा राहिला, कठड्याला टेकून, लाल होऊन.

लव्हॉनने बाकड्यावरचं ड्रिल उचललं, फिरकी उलटी केली आणि पहिला राग काढला त्या बाकड्यावर. डबा ठेवायचं भोक म्हणे! घर्रर्र करत एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला.

"नको," मागून आर्लन म्हणाला.

ड्रिलच्या आवाजात तिने ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि पुढे रेटलं. तिसरा स्क्रू निघाला.

"नको! नको, नको, नको!" चाकावर थापांवर थापा.

तिचा हात थांबला. तिने वळून पाहिलं. आर्लनचा चेहरा संतापाने जांभळा झाला होता, आणि तो संताप ड्वेनवर नव्हता. तिच्यावर होता.

"अगं बाई," ती म्हणाली आणि ड्रिल मांडीवर घेऊन मटकन खालीच बसली. "मीपण."

 तळ्यावर कुणाची तरी होडी भटभटत गेली.

"आर्लन," ती म्हणाली, "चुकलं माझं. आता विचारते. हे बाकडं राहू दे?"

"नकोऽऽ."

"कठडा?"

"नकोऽऽ."

"बरं. तिथला एक तुकडा काढू, उतार सुरू होतो तिथला?"

"नकोऽऽ."

"आणि या पायऱ्या? राहू देत?"

"नको."

चाकूने पाव कापावा तसं ते शेवटचं नको तुटून पडलं. कठड्याशी उभ्या ड्वेनने मान वर केली. जन्मापासून तो या भावासोबत होता, झटका आल्यापासून दर आठवड्याला त्याला भेटायला येत होता, आणि ही दोन वेगवेगळी नको त्याने आज पहिल्यांदा ऐकली. त्याच्या तोंडाकडे पाहवेना. लव्हॉनला मात्र दया आली नाही, इतक्यात येणारही नव्हती.

 गॅरेजच्या मागे कचऱ्याच्या ढिगात हात घालून ड्वेनने पिवळ्या दोरीचा गुंता आणि खुंट्या शोधून आणल्या. मग दुसरं ड्रिल घेतलं आणि स्वतःच्या हाताने ठोकलेल्या पायऱ्या एकेक करून उतरवल्या. काम बरंच पक्कं केलं होतं, त्यामुळे उतरवायला घाम निघाला. लव्हॉन बघत होती. म्हणाली, "फार मजबूत केल्या होत्यास हो," आणि तिने हात लावला नाही.

पायऱ्या गेल्या तशी ड्वेन गवतात उतरला. मेपलजवळ खुंटी धरून उभा राहिला आणि वर पाहून ओरडला, "आर्लन! इथे?"

"नको."

तो दोन पावलं सरकला. "इथे?"

"नको."

पूर्वीचा ड्वेन नको ऐकूनही ठोकून मोकळा झाला असता. तो थांबला. मुळीला वळसा घालून होडीकडे गेला, गुडघे टेकले. "इथे?"

"नकोऽऽ."

खुंटी ठोकली गेली. मग पुढची. उन्हं कलेपर्यंत ड्वेन गवतात रांगत होता आणि वरून आर्लन त्याला इकडून तिकडे नाचवत होता. एकदा तर लव्हॉनला स्पष्ट कळलं की जागा बरोबर होती, तरी आर्लन मुद्दाम नको म्हणाला. तिने ते चालू दिलं. त्याचा हक्क होता तो.

शेवटची खुंटी पाण्याकाठी रोवून ड्वेन वर आला. गुडघे हिरवे, हात मातीने भरलेले, पोट पाठीला लागलेलं. आत हॉटडिश, खिम्यावर बटाट्यांचा थर देऊन भाजलेली, भट्टीतून नुकतीच निघाली होती. वरचे बटाटे खमंग तांबूस झाले होते आणि वास अख्ख्या डेकवर पसरला होता. लव्हॉनने ती टेबलावर आणून ठेवली.

"आर्लन, वाढू?"

"नकोऽऽ."

तिने त्याचं ताट भरलं. मग ड्वेनकडे वळली. "तू जेवून जाणार?"

ड्वेनच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नको नको, कशाला उगाच त्रास."

"बरं," लव्हॉन म्हणाली आणि झाकण घातलं.

ड्वेन उभाच राहिला. दुसऱ्यांदा विचारेल म्हणून हात पुसत उभा राहिला. लव्हॉनने खुर्ची ओढली, स्वतःचा काटा उचलला आणि जेवायला लागली. आर्लनने भावाकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा, तोंडातला घास सांडेपर्यंत, तो हसला.